चावी सापडली, पुढे काय?

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं आमच्या एडिटरने मेसमध्ये सांगितलं तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं. वाटलं, माझ्या मागे लाइनीत कोणीतरी उभं असेल, तिला सांगतेय. कारण मी आणि मराठी लेख! पहिलीपासून दहावीपर्यंत माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. वर्गात मराठी बोललं की फाईन असायचा आणि तो मी बऱ्याचदा भरलेला आहे. आता आद्यकवी मुकुंदराजांची समाधी ज्या अंबाजोगाईत आहे तिथे राहून मी इंजिनिअरिंग करते, पण एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे अजूनही मनात ठरवायला दोन सेकंद लागतात. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या तर त्या एडिटरच्या आणि विचारांच्या चुका राहिल्या तर त्या माझ्या, अशी वाटणी आधीच करून ठेवते.

विषय काय घ्यावा? पाऊस, मैत्री, आई आणि हॉस्टेलची पोळी हे चार विषय दर वर्षी येतात, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिणाऱ्या मुलींनी ते आधीच घेतले होते. उरला माझा मिनी प्रोजेक्ट. म्हणून हा लेख सेमाफोरवर आहे. थांबा, पान उलटू नका! पुढे विहीर आहे, रेल्वे आहे, आणि सुरुवात तर इस्त्रीपासून आहे.

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या पहिल्या मजल्यावर सगळ्यांत मिळून एकच इस्त्री आहे. ती रेक्टर मॅडमच्या टेबलावर असते. रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, इस्त्री न्यायची, काम झालं की आणून ठेवायची आणि आपल्या नावापुढे टिक करायची. आधीच्या नावापुढे टिक नसेल तर पुढचीने थांबायचं. ज्यांना ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय आहे त्यांनी लक्षात ठेवावं, म्युटेक्स म्हणजे हेच रजिस्टर. वस्तू एक, वापरणारे अनेक, एका वेळी एकानेच घ्यायची, आणि ज्याने घेतली त्यानेच परत द्यायची.

गेल्या सेमिस्टरला ओरलच्या आठवड्यात एका मुलीने इस्त्री नेली आणि त्याच संध्याकाळी घरून फोन आला म्हणून ती गावाला गेली. इस्त्री तिच्या कपाटात, कपाटाला कुलूप, रजिस्टरमध्ये तिचं नाव, पुढे टिक नाही. रेक्टर मॅडम म्हणाल्या, रजिस्टरप्रमाणे इस्त्री बाहेर आहे, मी काय करू? कपाट फोडायला कोणी तयार नाही. सगळा मजला चुरगळलेल्या कपड्यांत ओरलला गेला. सगळं अगदी नियमाप्रमाणे चाललं होतं आणि कोणाचंच काम होत नव्हतं. हसू आलं ना? मलाही आलं होतं. दोन महिन्यांनी तेच माझ्या प्रोजेक्टमध्ये झालं तेव्हा नाही आलं.

त्याआधी थोडं सेमाफोरबद्दल. हा शब्द रेल्वेतही असतो. खांबावरचा हात वर-खाली करणारा जुना सिग्नल सिनेमात तरी बघितला असेल, तो सेमाफोर. एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञाने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो शब्द कॉम्प्युटरमध्ये आणला. त्याने दोनच क्रिया ठरवल्या, पी आणि व्ही. ही अक्षरं डच शब्दांची आहेत. पी म्हणजे घेणे, आणि मिळत नसेल तर थांबणे. व्ही म्हणजे सोडणे. बस, एवढंच. म्युटेक्स हा त्याचाच एक प्रकार, फक्त त्याला मालक असतो.

आपल्या बीड जिल्ह्याला रेल्वेचं अप्रूप फार. परळीला गाडी कधीपासून येते, पण बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरच्या मार्गावर. त्या आठवड्यात वर्गात दुसरा विषयच नव्हता, म्हणून आमच्या एम्बेडेडच्या सरांनी म्युटेक्स रेल्वेवरूनच शिकवला. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी जुन्या पद्धतीत ड्रायव्हरला एक लोखंडी गोळा देत. दोन्ही स्टेशनांवरची यंत्रं एकमेकांना तारेने जोडलेली, त्यामुळे एक गोळा बाहेर पडला की दुसरा निघतच नाही. गाडी पुढच्या स्टेशनात पोचली की गोळा तिथल्या यंत्रात टाकायचा, मगच लाइन मोकळी. मागच्या बेंचवरून कोणीतरी विचारलं, "सर, गाडी मधेच बंद पडली तर?" सर म्हणाले, "छान. हाच प्रश्न प्रोजेक्ट करताना स्वतःला विचारा, म्हणजे झालं." तेवढ्यात बेल झाली. प्रोजेक्ट करताना आम्ही तो प्रश्न स्वतःला विचारला नाही, हे सांगायला नकोच.

प्रोजेक्टचा विषय मीच सुचवला होता. विहिरीतल्या पाण्याची पातळी बघून मोटार चालू-बंद करणारं यंत्र. हाच विषय का, ते मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं. ग्रुपमध्ये आम्ही तिघी. विहीर म्हणजे प्लास्टिकची बादली आणि मोटार म्हणजे चाळीस वॅटचा बल्ब. बोर्ड ई.एस.पी.-३२, आणि त्यावर फ्री-आर.टी.ओ.एस. ही छोटी रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम. रिचर्ड बॅरी यांनी ती २००३ मध्ये सुरू केली, फुकट मिळते आणि जगभर वापरली जाते. रिअल टाइम म्हणजे फास्ट नव्हे, हे ओरलला हमखास विचारतात. रिअल टाइम म्हणजे ठरलेल्या वेळेत. पाणी संपल्यावर दोन सेकंदांत मोटार बंद करायची ठरली, तर ती दोन सेकंदांतच बंद झाली पाहिजे. दहा मिनिटांनी कितीही अचूक उत्तर आलं तरी मोटार जळालेली असते.

आमचे तीन टास्क होते. एक पातळी मोजणारा, एक डिस्प्लेवर आकडा दाखवणारा आणि एक मोटारीचा. सेन्सर आणि डिस्प्ले दोघंही त्याच दोन तारांवर, म्हणजे आय-स्क्वेअर-सी बसवर. तारा त्याच, बोलणारे दोन, म्हणून म्युटेक्स.

सेन्सर कधी कधी अडकायचा. मोजणारा टास्क त्याला 'झालं का, झालं का' असं विचारत राहायचा आणि सेन्सर 'झालं' म्हणायचाच नाही. मग मी चौथा टास्क लिहिला, पहारेकरी. मोजणाऱ्याने एक सेकंद हजेरी लावली नाही की पहारेकऱ्याने त्याला व्ही-टास्क-डिलीट या फंक्शनने उडवायचं आणि त्याच्या जागी नवा टास्क तयार करायचा. इन मिन दोन ओळी. मला त्या ओळींचा फार अभिमान होता. रूम पार्टनर मेकॅनिकलची, तरी तिला उठवून दाखवल्या होत्या.

सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता आम्ही रूमवर ट्रायल घेतली. बादलीतलं पाणी ओतून दिलं. नेमका तेव्हाच सेन्सर अडकला. पहारेकऱ्याने जुना टास्क उडवला, नवा तयार केला. आणि मग काहीच झालं नाही. बादली रिकामी, डिस्प्लेवर बेचाळीस सेंटिमीटर, आणि बल्ब मजेत चालू. खरी मोटार असती तर जळका वास सुटला असता.

कारण शोधायला तासभर गेला. मेलेल्या टास्कने बसचा म्युटेक्स घेतलेला होता. तो मेला, पण म्युटेक्सवर नाव त्याचंच. नवा टास्क दाराशी उभा, डिस्प्लेवाला त्याच्या मागे उभा, आणि ज्याची वाट बघायची तो या जगातच नाही. फ्री-आर.टी.ओ.एस. टास्क डिलीट करते तेव्हा कर्नेलने त्याला दिलेली मेमरी तेवढी परत घेते. त्याने स्वतः हातात घेतलेल्या वस्तू ती सोडवत नाही, त्या तुम्ही आधी सोडवायच्या. तसं डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलं नव्हतं, इतकंच.

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय, पहारेकऱ्यानेच म्युटेक्स सोडायचा. बोर्डाने एरर छापला आणि स्वतःला रिसेट केलं. बरोबरच आहे, म्युटेक्स मालकानेच सोडायचा असतो. दुसरा उपाय, तो म्युटेक्सच डिलीट करून नवा बनवायचा. तर डॉक्युमेंटेशन म्हणतं, त्याच्यासाठी टास्क थांबलेले असतील तर डिलीट करू नका. आमचे तर दोन थांबलेले. तिसरा उपाय मला सुचला आणि मी स्वतःवरच खूश झाले. म्युटेक्सच्या जागी बायनरी सेमाफोर! त्याला मालक नसतो. कोणीही घ्यावा, कोणीही सोडावा. पहारेकऱ्याने टास्क मारला, पहारेकऱ्यानेच सेमाफोर सोडला, नव्या टास्कला तो लगेच मिळाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि डिस्प्ले बघतो तर काय, बेचाळीस!

सरांच्या आग्रहामुळे बसचा ड्रायव्हर आम्ही हाताने लिहिला होता, एकेक पिन वर-खाली करून. जुना टास्क मेला तेव्हा तो सेन्सरकडून एक बाइट वाचत होता. समजा आठांपैकी तीन बिट वाचून झाले असतील. सेन्सरला काय माहीत की वाचणारा गेला? तो बिचारा चौथा बिट धरून, डेटाची तार खाली ओढून, पुढच्या क्लॉकची वाट बघत बसला होता. त्यामुळे त्या तारेवर दुसऱ्या कोणाला बोलताच येईना. सेमाफोर सुटला होता, पण ज्या वस्तूसाठी सेमाफोर होता ती वस्तू अर्ध्यात अडकलेली होती.

दीड वाजला. बाकी दोघी झोपल्या. मी रिकाम्या बादलीकडे बघत बसले आणि मला एकदम ओल्या तुरीचा वास आठवला.

आमचं गाव केज तालुक्यात. पप्पांची बँकेत नोकरी, म्हणून आम्ही छत्रपती संभाजीनगरला. शेती माझे दोन चुलते करायचे, थोरले तात्या आणि मधले अण्णा. विहीर एक, सामाईक. मोटार एक. पाण्याची पाळी ठरलेली, चार दिवस तात्यांचे, चार दिवस अण्णांचे. स्टार्टरच्या पेटीला कुलूप, आणि ज्याची पाळी त्याच्याकडे चावी. पाळी संपली की संध्याकाळी चावी दुसऱ्याच्या ओट्यावर नेऊन द्यायची. हे माझ्या आजोबांनी लावून दिलेलं. दोघा भावांत बांधावरून भांडणं झाली, काही दिवस बोलणंही बंद होतं, पण चावी मात्र वेळेवर पोचायची.

मी सेकंड इयरला होते, जानेवारीतली गोष्ट. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. तात्या रात्रभर गव्हाला पाणी देत होते. त्यांच्या पाळीचा दुसराच दिवस. पहाटे छातीत दुखायला लागलं म्हणून पेटीला कुलूप लावून ते घरी आले, आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती.

त्यानंतर विहिरीकडे कोणी गेलं नाही. घरात सुतक. तात्यांच्या पाळीचे दोन दिवस बाकी, म्हणून अण्णा चावी मागेनात. ते दोन दिवस गेले, अण्णांची पाळी लागली, तरी मागेनात. गेलेल्या भावाच्या खिशातली चावी वहिनीकडे कशी मागायची? काकूला तर कसलंच भान नव्हतं. तिकडे अण्णांचा कांदा माना टाकायला लागला.

सातव्या दिवशी मला चावी सापडली. दवाखान्यातून आणलेले तात्यांचे कपडे एका पिशवीत होते, त्यात. मी इंजिनिअरिंगची मुलगी. प्रॉब्लेम असेल तर रडत बसू नका, सोल्यूशन शोधा, हे आमच्या शाळेत रोज असेंब्लीला ऐकलेलं. मी अण्णांना म्हणाले, "अण्णा, चावी सापडली. मी मोटार चालू करून येते." अण्णा काहीच बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

पेटी उघडली, हिरवं बटण दाबलं, मोटार घुंऽऽ करत सुरू झाली. मला इतकं बरं वाटलं! सात दिवसांत त्या घरातलं पहिल्यांदा काहीतरी चालू झालं होतं, आणि ते मी केलं होतं. घरी येऊन हातपाय धुतले आणि चहा प्याले.

पाणी अण्णांच्या कांद्याला गेलंच नाही. कॉक तात्यांच्या रानाकडे उघडा होता. आणि त्या पहाटे गव्हाचा एक तुकडा भिजवून झाल्यावर तात्यांनी मोटार बंद करून पाइप सोडवला होता, पुढच्या तुकड्याला जोडायला. जोडायच्या आधीच दुखायला लागलं. सुटलेल्या पाइपाचं तोंड बांधाकडे, आणि बांधाला लागून काढलेल्या तुरीची सुडी रचून ठेवलेली. दोन तास पाणी त्या सुडीच्या बुडाखाली पळत होतं.

आजीला विहिरीपर्यंत चालवत नाही, पण मोटारीचा आवाज तिला घरात ऐकू येतो. तिने हाक मारली.

"मोटार कुनी चालू केली गं?"

"मी केली आजी. चावी सापडली."

"कॉक बगितला का?"

"नाही."

"पाइप जोडलेला हाय का, त्ये तरी?"

मी गप्प.

"चावी घावली म्हंजी झालं व्हय? त्यो काम टाकून गेलाय बाई, काम संपवून न्हाई गेला."

अण्णा धावत गेले. त्यांच्या मागून काकू गेली. तात्या गेल्यापासून ती पहिल्यांदा घराबाहेर पडली होती, आणि ती कशासाठी, तर नवऱ्याने रचलेली सुडी मोडून ओली तूर पसरायला. मीही गेले. संध्याकाळपर्यंत आम्ही पेंढ्या उचलून कोरड्या जागी टाकत होतो. खालच्या थरातली तूर शेवटी काळी पडलीच. काकू मला एकच वाक्य बोलली, "तुला काय म्हाईत बाळा." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आजीने अण्णांना समोर बसवून एकेक काम सांगितलं. आधी कॉक बंद करा. मग पाइप जोडा. मग विहिरीत डोकावून पाणी किती आहे ते बघा. मग कॉक फिरवा. आणि शेवटी बटण दाबा.

दहाव्यानंतर नातेवाईक बसले होते तेव्हा पाळीचा विषय निघाला. कोणीतरी म्हणालं, काकू बाईमाणूस, रात्रीची लाइट असली की शेतात कशी जाणार? आता आठही दिवस अण्णांनीच घ्यावेत, वर्षाला काहीतरी देऊन टाकावं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. आजी म्हणाली, "पाळी त्याची व्हती, आता तिची. चावी तिच्या हातात द्या." अण्णांनी उठून दिली. पुढे तलाठ्याकडे वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर काकूचं आणि मुलांचं नाव लागलं. पण माझ्या लेखी नोंद झाली ती त्याच दिवशी.

तर त्या रात्री दीड वाजता मला कळलं की मी तीच चूक दुसऱ्यांदा केली आहे. चावी काढून देणं मला दोन्ही वेळा जमलं होतं. जाणारा काम कुठे टाकून गेला, हे मी दोन्ही वेळा बघितलं नव्हतं.

सकाळी सरांना बोर्ड दाखवला. विहिरीचंही सांगितलं, का कोण जाणे. सर थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी त्या मागच्या बेंचच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. गाडी मधेच बंद पडली, गोळा ड्रायव्हरकडेच आहे, तर दोन्ही स्टेशनं लाइन मोकळी आहे असं कधीच धरत नाहीत. गाडीचा गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, तो मागे चालत जातो आणि ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके रुळांवर लावतो. कोणतं इंजिन मागून आलंच तर त्या आवाजाने ड्रायव्हर सावध व्हावा म्हणून. मदतीचं इंजिन आत पाठवायचं तर नेहमीचा सिग्नल देऊन पाठवत नाहीत, लेखी परवाना देतात, म्हणजे पुढे काय आहे ते त्याला आधीच माहीत असतं. आणि गाडी स्टेशनात आली तरी शेवटच्या डब्यामागची एल.व्ही. ही पाटी बघितली जाते. ती दिसली तरच गाडी पूर्ण आली. नाहीतर गोळा हातात आणि दोन डबे मागेच सुटलेले, असं व्हायचं.

सर म्हणाले, "सिस्टिम बनवणाऱ्यांनीही हा विचार केलेला आहे, बघ शोधून." मी शोधला. व्हीएक्स-वर्क्स नावाची रिअल टाइम सिस्टिम आहे. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात तीच होती. तिच्यात म्युटेक्स बनवताना 'डिलीट सेफ' असा पर्याय देता येतो. मग तो म्युटेक्स हातात असेपर्यंत त्या टास्कला कोणी मारू शकत नाही. मारणाऱ्यालाच थांबावं लागतं. जुन्या युनिक्समध्ये सेमाफोरला 'अनडू' असतो. प्रोसेस मेली की कर्नेल सेमाफोरचा आकडा आपोआप पूर्ववत करतो. पण आकडाच, आतला डेटा नाही. म्हणजे मी बायनरी सेमाफोर वापरून केलं, जवळजवळ तेच.

मला सगळ्यात आवडला तो २००८ च्या पॉसिक्स स्टँडर्डमधला 'रोबस्ट म्युटेक्स'. मालक मेला तर पुढच्याला म्युटेक्स मिळतो, पण त्याच्यासोबत एक खास निरोप येतो, 'ओनर डेड'. म्हणजे, चावी घे, पण ही गेलेल्या माणसाच्या खिशातली आहे. मग त्याने आतली परिस्थिती तपासायची, बिघडलेलं नीट करायचं आणि 'आता सगळं ठीक आहे' असं सांगणारं एक वेगळं फंक्शन बोलवायचं. ते न करता नुसतंच सोडून दिलं तर तो म्युटेक्स कायमचा निकामी होतो, पुढे कोणालाच मिळत नाही. विंडोजमध्येही असाच निरोप मिळतो, 'अबॅन्डन्ड' म्हणून. हे वाचताना मला आजीचाच आवाज ऐकू येत होता. कॉक बगितला का?

फ्री-आर.टी.ओ.एस. मध्ये असा निरोप आयता मिळत नाही, म्हणून आम्ही तो हाताने बांधला. ज्यांना पुढच्या वर्षी असा प्रोजेक्ट करायचा आहे त्यांच्यासाठी सांगते.

पहिलं म्हणजे, मारायचं नाही, सांगायचं. पहारेकरी आता मोजणाऱ्याला 'थांब' असा निरोप ठेवतो. मोजणारा प्रत्येक बाइट पूर्ण झाल्यावर तो निरोप बघतो, म्युटेक्स स्वतः सोडतो आणि मग स्वतःच स्वतःला डिलीट करतो. 'झालं का' विचारायलाही मर्यादा घातली, पन्नास वेळा, त्यापुढे नाही. दुसरं, कोणीही अनंत काळ वाट बघत नाही. अर्ध्या सेकंदात म्युटेक्स मिळाला नाही तर काहीतरी बिघडलंय असं समजून आधी मोटार बंद, कारण मागे काय चाललंय ते माहीत नसताना मोटार चालू ठेवणं म्हणजे जुन्या आकड्यावर विश्वास ठेवणं. तिसरं, नवा टास्क बसवर बोलण्याआधी क्लॉकच्या तारेवर नऊ पल्स देतो आणि मग स्टॉप देतो. अर्ध्यावर अडकलेला सेन्सर उरलेले बिट त्या पल्सबरोबर सोडून देतो आणि तार मोकळी होते. हा उपाय आय-स्क्वेअर-सी बसच्या स्टँडर्डमध्येच दिलेला आहे. आणि शेवटी, एवढं करूनही काही जमलं नाही तर वॉचडॉग टाइमर अख्खा बोर्ड रिसेट करतो, आणि रिसेट झाल्यावर मोटार बंदच असते.

ओरलला एक्सटर्नल सरांनी सेन्सरची तार मधेच उपटली. दोन सेकंदांच्या आत बल्ब विझला. परत जोडल्यावर डिस्प्लेवर खरा आकडा आला. त्यांनी विचारलं, "हे नऊ पल्सचं कुठून सुचलं?" स्टँडर्डमध्ये आहे असं सांगितलं. तुरीचं सांगितलं नाही. सगळ्याच गोष्टी ओरलला सांगायच्या नसतात.

कोणाला वाटेल, एवढ्याशा सेमाफोरसाठी एवढी मोठी गोष्ट कशाला? पण आम्ही पुस्तकात घेणे आणि सोडणे या दोनच क्रिया शिकतो, आणि माणसं काय, टास्क काय, या दोहोंच्या मधेच कुठेतरी जातात. आता कोणी म्हणालं की 'चावी सापडली', तर मला पहिला प्रश्न हाच पडतो की जिची चावी, ते काम कुठवर आलं होतं.

इस्त्रीच्या रजिस्टरमध्ये मी रेक्टर मॅडमना सांगून दोन नवे रकाने पाडून घेतले आहेत. एकात 'गावाला जात असल्यास इस्त्री कोणाकडे दिली' आणि दुसऱ्यात 'वायर ठीक आहे का'. दुसरा रकाना अजून कोणी भरत नाही. भरा गं मुलींनो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचं यंत्र गावच्या विहिरीवर लावून बघायचं ठरवलंय. काकूला फोनवर सगळं समजावून सांगितलं, की पाणी कमी झालं की मोटार आपोआप बंद होईल, तुला रात्री बसून राहावं लागणार नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "चालू व्हायच्या आदी त्ये कॉक बगतंय का गं?"

मी म्हणाले, "नाही काकू. कॉक तुलाच बघायचाय."

"मग बरंय," ती म्हणाली.